जेवणाच्या टेबलाचं जलावतरण

कार्बन फायबरची शिडाची होडी घरी का बांधलीत, असं मला अजूनही लोक विचारतात. मी "छंद" असं सांगून मोकळा होतो. निवृत्त माणसाने छंद म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. खरं कारण एका अक्षराचं आहे. मी "हो" म्हणालो.

म्हणालो ते आमच्या नातीच्या वर्गात. नात आठ वर्षांची. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून घरात तिला मिरी म्हणतात. शाळेत मात्र तिला 'थापाडी' म्हणायला लागले होते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तिचे आई-वडील दोघंही नोकरीवर, त्यामुळे शाळेतल्या तक्रारी ऐकण्याचं खातं माझ्याकडे. तिच्या बाईंनी बोलावलं, मी गेलो. बाई मला सरळ वर्गात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, मिरी सांगते की तुम्ही घरी शिडाची होडी बांधताय. तीसुद्धा कार्बन फायबरची, विमानात वापरतात त्याची. मुलं तिला हसतात. म्हटलं, तुम्हालाच विचारून टाकावं."

त्याआधी थोडे दिवस मी आणि मिरीने एका मासिकात तशा होडीचे फोटो पाहिले होते. कार्बन फायबर म्हणजे कोळशासारखं काळं, कापडासारखं विणलेलं. राळेत भिजवून वाळवलं की पोलादाला भारी पडणारं, हे मी तिला समजावून सांगितलं होतं. समजावून सांगणं आणि बांधणं यांत तिने फरक केला नव्हता. तो फरक माझाही फारसा पक्का नाही, पण ते पुढे येईलच.

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. शेवटच्या बाकावर एक उंच मुलगा होता, बाकीचे त्याला लंबू म्हणत होते. तो शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "आता बघ." मिरी मात्र माझ्याकडे पाहतच नव्हती. ती बाकावरची एक रेघ नखाने उकरत होती. मूल मान खाली घालून बाक उकरायला लागलं की त्याच्या आत काय चाललंय, हे जन्म शाळेत काढलेल्या माणसाला कळतं.

"हो," मी म्हणालो. "बांधतोय की."

उकरणं थांबलं.

इथे मीही थांबायला हवं होतं. पण शिक्षकाला एका वाक्यात थांबता येत नाही. मी खडू उचलला, फळ्यावर होडी काढली, शीड कुठलं, डोलकाठी कुठली, सुकाणू कुठे असतं आणि का असतं, सगळं सांगितलं. बाई भारावल्या. म्हणाल्या, "महिनाअखेरीला आमची क्षेत्रभेट तलावावर आहे. त्याच दिवशी होडी पाण्यात सोडाल का? सगळ्या वर्गाला बघता येईल." मी पुन्हा हो म्हणालो. पहिला हो नातीसाठी होता. दुसरा केवळ हातात खडू होता म्हणून.

घरी येताना मिरीने माझं बोट धरलं. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही खोटं बोललात."

"अजून नाही. महिनाअखेरीला होडी तरंगली नाही, तर बोललो असं होईल."

"आणि मी कायमची थापाडी."

"आणि मी थापाडीचा आजोबा."

तिने विचार केला. "मग तुम्ही थापाडे आजोबा. तुम्हीच बोललात ना." विशेषण नामाच्या आधी लावायला मीच तिला शिकवलं होतं.

घरी हिला सांगितलं. ही म्हणजे आमचं कुटुंब. हिने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्मा वर केला. गंभीर गोष्टी ही चष्म्याशिवाय ऐकते.

"अहो, तुम्हाला भिंतीत खुंटी ठोकता येत नाही."

"खुंटी आणि होडी यांचं शास्त्र वेगळं आहे."

"हो, आहे ना. खुंटी निघाली तर कोणी बुडत नाही."

आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिला मी कार्यशाळा म्हणतो, ही अडगळ म्हणते आणि मिरीचे वडील 'बाबांची खोली' म्हणून दोन्हीकडे सलोखा राखतात. तिथे एक करवत, दोन पकडी, घासकागद आणि एक ड्रिल मशीन होतं. तिथेच होडी बांधायचं ठरलं. आता तुम्ही म्हणाल, होडी तयार झाल्यावर दारातून बाहेर निघाली नसणार. तर सांगून ठेवतो, दार मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. बाकी सगळ्या चुका केल्या, ही केली नाही. याची कुठेतरी दखल घेतली जावी.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "हवा भरायची होडी मिळते की बाजारात. फुगवली की झालं."

"काकू, ती कार्बनची नसते."

"पाण्याला काय कळतंय?"

शेजारचे दातांचे डॉक्टर मात्र मनापासून खूष झाले. दवाखाना बंद करून रोज संध्याकाळी ते आमच्याकडे यायला लागले. "सर, हे आमचंच काम आहे," ते म्हणाले. "दाताच्या खड्ड्यात राळच भरतो आम्ही. फक्त तुमचा दात मोठा आहे." आपल्या क्षेत्राला एवढा मोठा रुग्ण कधी मिळाला नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

होडीला आधी साचा लागतो. साच्यावर कापड पसरायचं, राळ फासायची, वाळली की होडी साच्यावरून उचलून घ्यायची, टोपी डोक्यावरून काढतो तशी. म्हणजे साचा पालथ्या होडीच्या आकाराचा हवा, मधोमध सपाट आणि टणक. मी घरभर नजर फिरवली. सपाट आणि टणक अशी एकच वस्तू होती. आमचं जेवणाचं टेबल. सहा माणसांचं, जाड लाकडाचं, लग्नानंतर हिने स्वतः निवडून आणलेलं.

"टेबल मिळणार नाही," ही म्हणाली.

"फक्त साचा म्हणून. होडी वर, टेबल खाली. दोघांचा संबंध नाही."

मिरी दारात उभी होती. नुसती उभी राहिली. हिने तिच्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "जसं नेताय तसं परत पाहिजे. एक ओरखडासुद्धा चालणार नाही."

आम्ही टेबल मागच्या खोलीत आणलं. चारी बाजूंनी थर्माकोलचे ठोकळे तासून लावले. पुढे निमुळता भाग, मागे चौकोनी, कडेला उतार. ठोकळ्यांना मिरीने गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळली. लांबून पाहिलं तर पालथी होडीच वाटत होती, फक्त खालून टेबलाचे चार पाय दिसत होते.

मग आली राळ. राळ एका डब्यात येते आणि तिला घट्ट करणारं औषध, त्याला हार्डनर म्हणतात, दुसऱ्या डब्यात. दोन्ही ठरल्या प्रमाणात कालवली की थोडा वेळ ती मधासारखी पातळ राहतात. तेवढ्यात कापडावर फासून मोकळं व्हायचं. मी बादलीत राळ कालवली. मिरीने बादलीला हात लावला आणि विचारलं, "आजोबा, ही गरम का झाली?"

इतका चांगला प्रश्न मला कितीतरी दिवसांत कोणी विचारला नव्हता. मी ब्रश बादलीत ठेवला आणि सांगायला बसलो. मधल्या सुट्टीत मुलं मैदानात सुटी सुटी पळत असतात, ती राळ. त्यांतल्या काहींनी एकमेकांचे हात धरले, मग आणखी काहींनी धरले, की सगळ्यांची एक साखळी होते आणि कोणालाच हलता येत नाही, ती घट्ट राळ. आणि हात धरायच्या गडबडीत सगळ्यांना घाम येतो, ती ऊब. मिरीला फार आवडलं. तिने विचारलं, एखाद्याने हात धरलाच नाही तर? मी तेही सांगितलं. डॉक्टर मध्येच "सर" म्हणाले, तेव्हा मी त्यांना हाताने थांबवलं. वर्गात मध्ये बोललेलं मला चालत नाही.

बोलून झाल्यावर वळून पाहिलं तर ब्रश बादलीत ताठ उभा होता आणि बादलीतून बारीकसा धूर येत होता. मी ब्रश ओढला, बादली वर आली. मुलांनी हात धरले होते, आणि साखळीत ब्रशही होता. 'राळ उडवणे' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षं शिकवला. राळ बसते तेव्हा काय म्हणायचं, ते मात्र कुठल्याच व्याकरणात नाही.

"बादली?" हिने विचारलं.

"ती आता वेगळी काढता यायची नाही."

त्या दिवसापासून मिरीने नियम केला, राळ कालवल्यावर आजोबांनी बोलायचं नाही. मी कामाच्या वेळी तोंडाला मास्क लावायचो, तो वाफेसाठी असं बाहेरच्यांना वाटायचं. घरच्यांना कारण माहीत होतं.

पुढच्या वेळी मी कामाला लागण्यापूर्वीच शिकवून घेतलं. विषय मेण. साच्याला आधी मेण चोळावं लागतं, नाहीतर राळ साच्याला कायमची चिकटते. मी कागदावर मेणबत्तीने रेघ ओढली, वर पाण्याचे थेंब टाकले, थेंब कसे घरंगळतात ते दाखवलं. मेण म्हणजे दोन भांडकुदळ माणसांच्या मध्ये बसवलेला शहाणा माणूस, असंही म्हणालो. फार सुंदर पाठ झाला. मिरीने स्वतः करून दाखवलं, मी तिला शाबासकी दिली, आणि मग आम्ही काळं कापड पसरून राळ फासायला घेतली. एक थर, दुसरा थर, तिसरा. मी एक शब्द बोललो नाही. बोटं दुखून आली, गळ्याभोवती कापडाचे बारीक तंतू टोचून खाज सुटली, पण काम झालं. काळीभोर, चकचकीत होडी पालथी पडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी बनवलं होतं जे कागदावरचं नव्हतं.

डॉक्टरांनी भोवती एक चक्कर मारली. "सर, मेण नीट लावलंत ना?"

"झालं," मी म्हणालो.

आणि मला खरोखर तसंच वाटत होतं. एकदा एखादी गोष्ट नीट समजावून सांगितली की ती झाली, अशीच माझ्या मनाची जन्मभराची सवय. वर्गात ती खपून जाते. टेबलावर खपली नाही.

दोन दिवसांनी होडी उचलायला मी, डॉक्टर आणि मिरीचे वडील तिघं लागलो. होडी उचलली गेली. बरोबर टेबलही उचललं गेलं. आम्ही खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा टेबल आलं. कडेने गरम पाणी ओतलं. पाचरी ठोकल्या. काकू वरून म्हणाल्या, "थोडं तेल सोडा." तेल सोडलं. डॉक्टरांनी गुडघा टेकवून, जबडा आवळून ओढलं. मग कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "सर, मुळं खोल आहेत."

शेवटी आम्ही ते सगळं उलटं केलं, निदान आतून दिसेल म्हणून. चिकटपट्टी गुंडाळलेले ठोकळे टपाटप गळून पडले. मिरीने तिचं काम चोख केलं होतं. टेबल मात्र होडीच्या तळाशी घट्ट बसलं होतं, आणि त्याचे चार पाय आभाळाकडे.

नेमकी त्याच वेळी ही चहा घेऊन आली.

हिने कप खिडकीत ठेवले. चष्मा वर केला.

"हे माझं टेबल आहे."

"हो."

"ते होडीत आहे."

"तूर्त."

"पाय वर करून."

मी म्हटलं, तळ कापून टेबल सोडवता येईल. पण मग होडी राहणार नाही, आणि नवी करायला ना कापड उरलं होतं ना वेळ. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच बारीकसा आवाज आला. मिरी टेबलाचा एक पाय नखाने उकरत होती, मान खाली घालून.

हिनेही तो आवाज ऐकला. ही माझ्याइतकी वर्षं शाळेत नव्हती, पण हिला कळायला शाळेची गरज पडत नाही. चहाचा एक कप मिरीच्या वडिलांच्या हातात देत ही म्हणाली, "राहू दे. पण पाय कापायचे नाहीत. क्षेत्रभेट झाली की माझं टेबल मला परत पाहिजे. होडीसकट आलं तरी चालेल."

त्या दिवसापासून आम्ही ओट्याशी उभं राहून जेवायला लागलो.

कार्बनच्या होडीचा सगळा मोठेपणा तिच्या हलकेपणात असतो. मासिकात एक माणूस ती एका हाताने डोक्यावर धरून हसताना दाखवला होता. आमची उचलायला चार माणसं लागायची आणि हसायचं कोणी नाही. होडी इतक्या वजनाने तरंगेल का, हे मी कागदावर तीन वेळा मांडून पाहिलं. दोनदा तरंगली, एकदा बुडाली. मिरीला मी पहिली दोन उत्तरं दाखवली.

मग घासकाम. कार्बन घासला की काळी, अतिशय बारीक धूळ उडते आणि तिच्यातून वीज वाहते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, मिरीला समजावूनही सांगितलं होतं, आणि म्हणून अर्थातच खिडकी बंद करायची राहून गेली. संध्याकाळी काकूंच्या दारावरची घंटा आपोआप वाजायला लागली. त्या दार उघडायच्या, कोणी नसायचं. दार लावायच्या, घंटा वाजायची. अर्ध्या तासाने त्यांनी माझ्याकडे येऊन विचारलं, "घरी कोणी येणार आहे का तुमच्याकडे? माझ्याकडे येऊन परत जातंय." वायरमनने घंटा उघडली तेव्हा आतून चिमूटभर काळी पूड निघाली. काकूंनी ती कागदाच्या पुडीत बांधून मला परत आणून दिली. "तुमची होडी कमी पडायला नको," म्हणाल्या.

डॉक्टरांनी आपला बारीक आरसा आणि टोकदार सळई आणून होडीची तपासणी केली. "इथे पोकळी आहे. इथे दुसरी. भरावी लागेल."

"दुखेल का तिला?" मिरीने विचारलं.

"भूल देतो ना," डॉक्टर म्हणाले आणि खरोखर हळुवार हाताने पोकळ्या भरल्या. एकीपर्यंत त्यांचा आरसा पोचला नाही, पण ते नंतर कळलं. शीडही त्यांनीच दिलं. दवाखान्याचा जुना फ्लेक्सचा जाहिरात-फलक, पातळ, मजबूत, पाणी न लागणारा. हिने तो शिवणयंत्रावर त्रिकोणी करून शिवला. एक भलीमोठी हसरी दाढ नेमकी मधोमध आली आणि तिच्याखाली 'दुखतेय? आजच भेटा.' मी म्हटलं, निदान उलट्या बाजूने शिवलं असतं. ही म्हणाली, "माझ्या टेबलावर मी काही बोलले का?" डोलकाठीला भक्कम आधार हवा होता, म्हणून ती आम्ही टेबलाच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये आडवी फळी ठोकून तिच्यावर बसवली. खिळे ठोकताना हिला भाजी आणायला पाठवलं होतं.

आता राहिली परवानगी. तलावाच्या कार्यालयात एक कारकून बसतो. मी गेलो तेव्हा तो पेन्सिलीला टोक करत होता.

"होडी कशाची?" त्याने वर न बघता विचारलं.

"कार्बनची."

"कार्बन आणलाय?"

"घरी आहे."

"घरी असून काय उपयोग? अर्ज दोन प्रतींत लागतो. कार्बन इथे पाहिजे."

"इथे आणायला टेम्पो लागेल."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "एका कार्बनला टेम्पो?"

"नऊ फुटी आहे. आणि चार माणसं लागतात."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग आवाज मऊ करून, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "आजोबा, बसा. पाणी घेता का?"

मी समजावून सांगायला घेतलं. कार्बन पेपर वेगळा, कार्बन फायबर वेगळं. मैदानातली मुलं, त्यांनी धरलेले हात, सगळं. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या दोघांनी प्रश्नही विचारले. कारकुनाला कळलं असं तो म्हणाला, पण उपयोग नव्हता. त्याच्याकडे लाकडी, प्लॅस्टिकची आणि हवेची एवढेच तीन प्रकार होते. "चौथा प्रकार वरून मंजूर व्हावा लागतो. वेळ लागेल." किती, विचारलं तर त्याने छताकडे पाहिलं. शेवटी, क्षेत्रभेटीच्या सकाळी तो स्वतः काठावर येऊन होडी बघेल आणि मग ठरवेल, एवढ्यावर तो आला. जाताना मला सांभाळून पायऱ्या उतरा म्हणाला.

त्या सकाळी आम्ही टेम्पोतून होडी काठावर उतरवली तेव्हा वर्ग आधीच येऊन बसला होता. शीड सुटलं आणि सगळ्या मुलांनी एका सुरात मोठ्याने वाचलं, "दुखतेय? आजच भेटा." डॉक्टर मुद्दाम दवाखाना बंद ठेवून आले होते. ते प्रत्येक बाजूने फोटो काढत होते. लंबू हाताची घडी घालून पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ही होडी नाही. हे टेबल आहे. पाय बघ."

मिरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात कारकून आला. त्यानेही पाय पाहिले.

"हे टेबल आहे."

"होडी आहे," मी म्हणालो. "त्याचं असं झालं की—"

"पाटी वाचा." काठावर मोठी पाटी होती. तलावात गाद्या, भांडी व फर्निचर टाकण्यास सक्त मनाई आहे. मी पाटी वाचली. वर्गानेही वाचली, पुन्हा एका सुरात.

मी तोंड उघडलं, पण हिने माझ्या पायावर पाय ठेवला आणि पुढे झाली. "टाकत नाही आहोत, भाऊ. माझं टेबल आहे. मी टाकून देईन का? संध्याकाळी घरी न्यायचंय."

कारकुनाने आत वाकून टेबलावर बोटांनी टकटक केलं. कान देऊन ऐकलं. पुन्हा टकटक केलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "हे लाकूड आहे."

"एक नंबरचं," ही म्हणाली.

"मग लाकडी होडी आहे असं आधीच सांगायचं ना. आजोबा उगाच कार्बन कार्बन करत बसले." त्याने शिक्का काढला. "किती माणसांची?"

"सहा," ही म्हणाली.

त्याने सहा लिहिलं. जगातल्या सगळ्यात बळकट पदार्थाची मी महिनाभर राबून बांधलेली होडी सरकारदरबारी लाकडी म्हणून नोंदली गेली. मला काही बोलायचं होतं. पण पाय अजून हिच्या पायाखाली होता.

मी आणि मिरीने तरंगणारी जाकिटं घातली. चौघांनी होडी पाण्यात ढकलली. आम्ही आत बसलो, मी मागे सुकाणूशी, मिरी पुढे टेबलाचा पाय धरून. होडी खाली गेली. आणखी खाली गेली. माझ्या डोळ्यांसमोर ते तिसरं उत्तर आलं. मिरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी शिक्षकाचा चेहरा केला, म्हणजे उत्तर माहीत नसताना करायचा तो.

मग होडी जिथे होती तिथेच थांबली. हलकेच वर-खाली झाली. आणि तरंगली.

वारा आला, दाढ फुगली, आणि आम्ही चालायला लागलो. खरंच चालायला लागलो. काठ मागे सरकत होता, पाणी होडीच्या पोटावर चुळचुळत होतं. मिरी इतकी हसत होती की तिच्या पडलेल्या दाताची फट शिडावरच्या दाढेच्या अगदी खाली दिसत होती. मी म्हटलं, "बघ, वारा मागून आला की शिडावर दाब—"

"आजोबा, बोटी."

समोर भाड्याने द्यायच्या पायडलच्या बोटी ओळीने बांधल्या होत्या, आणि आम्ही सरळ त्यांच्याकडे निघालो होतो.

"हां, म्हणजे आता वळायचं. वळताना सुकाणू आणि शीड यांचं नातं असं असतं की—"

"आजोबा, आधी वळवा. मग सांगा."

मी वळवलं. न सांगता, न समजावता वळवलं. होडी डगमगली, शीड डोक्यावरून या बाजूचं त्या बाजूला गेलं, मिरीने मान खाली घातली, आणि आम्ही बोटींच्या ओळीला घासून न घासून सुरेख वळून काठाकडे निघालो. त्या वळणाबद्दल मला पुष्कळ सांगता येईल. पण मी ते केलं होतं, आणि सांगायची इच्छाच राहिली नव्हती. मला स्वतःलाच ते नवीन होतं.

काठावर टाळ्यांचा गजर झाला. उथळ पाण्यात आल्यावर मुलं होडीभोवती गोळा झाली. जो तो टेबलाचा पाय धरायला बघत होता. लंबूने दोन पाय धरले होते. बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, मिरीने सांगितलं होतं ते खरं निघालं. आपण तिला काय काय म्हणालो. आता सगळ्यांनी तिला सॉरी म्हणा."

सगळे म्हणाले. लंबूनेही म्हटलं, जरा हळू, पण म्हटलं.

मिरी होडीत उभी होती. ती खूष व्हायला हवी होती. झाली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मान ताठ ठेवूनच म्हणाली, "बाई, ती थापच होती. मी सांगितलं तेव्हा होडी नव्हतीच. आजोबांनी ती नंतर बांधली. मला कोणी थापाडी म्हणू नये म्हणून."

मलाही मग गप्प राहता येईना. "खरं आहे," मी म्हणालो. "वर्गात मीसुद्धा खोटंच बोललो होतो."

मुलं आमच्याकडे पाहत राहिली. मिरीकडे, माझ्याकडे, उताण्या टेबलाकडे, वर हसणाऱ्या दाढेकडे. मग लंबू हसायला लागला. "चल, थापाडी," तो म्हणाला, पण आता त्यात खोच नव्हती, होता तो निव्वळ आदर. "काही पण सांगते. नुसत्या एका थापेसाठी कोणी घरातलं जेवायचं टेबल होडीला चिकटवेल का?"

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. "नाही ना, आजोबा?" लंबूने मला विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मुलांच्या कुठल्याच प्रश्नाला मी आजवर उत्तर दिल्याशिवाय राहिलो नाही. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांच्या आरशातून निसटलेल्या त्या पोकळीतून होडीत पाणी येतंय. मी होडीतला प्लॅस्टिकचा मग उचलला आणि खाली वाकून पाणी उपसायला लागलो.